उणे विसातली नोंद

"इथे फक्त सही करायची आहे," वकीलसाहेब म्हणाले, आणि कागद त्यांनी माझ्या बायकोपुढे न ठेवता माझ्यापुढे ठेवला. या घरातले निर्णय मी घेतो असं त्यांना वाटलं असणार. बत्तीस वर्षांत हा गैरसमज करून घेणारा तो पहिलाच माणूस.

मी शिंपी आहे. समोरच्याचं बोलणं कळायच्या आधी मला त्याचा कोट दिसतो. या कोटाच्या खांद्यावर एकही सुरकुती नव्हती. असा माणूस आम्हाला परवडलाच नसता, पण त्यांची फी कंपनी देत होती. कंपनीने आपल्यासाठी एवढा मोठा वकील दिला याचं मला तेव्हा कोण अप्रूप वाटलं होतं. मी चार लोकांना ते सांगतही सुटलो होतो.

माझी बायको औषधांच्या कारखान्यात शीतखोलीवर होती. लहान मुलांना टोचायची लस तिथे उणे वीस अंशांवर ठेवतात. दर दोन तासांनी जाड कोट चढवायचा, हातमोजे घालायचे, आत जायचं, काटा बघायचा आणि तिथेच नोंद करून बाहेर यायचं. हे काम तिने सव्वीस वर्षं केलं. कारखान्यात तिला सगळे थर्मामीटरबाई म्हणत. घरीही काही वेगळं नव्हतं. माझ्या अंघोळीच्या पाण्यात बोट बुडवून ती आकडा सांगायची, आणि तो बरोबर निघायचा म्हणून मला राग यायचा.

गेल्या वर्षी खोलीचं यंत्र दोन दिवस बंद पडलं. आतला माल टाकून द्यायला हवा होता, तो गाडीत भरून बाहेर गेला. ती लस टोचलेल्या दोन मुलांना, ज्यावरची ती लस होती तोच आजार झाला आणि ती मुलं गेली. चौकशी लागली, रजिस्टर जप्त झालं. त्यात त्या दोन दिवसांच्या पानांवर सुबक अक्षरात उणे वीस, उणे वीस, उणे वीस असं ओळीने लिहिलेलं होतं, आणि प्रत्येक ओळीपुढे हिची सही. खटल्यात आरोपी दोन. एक गुणवत्ता विभागाचे साहेब आणि दुसरी ही.

वकीलसाहेबांनी सगळं नीट समजावलं. कामात हयगय झाली, आत न जाताच आकडे भरले, एवढं हिने कबूल करायचं. सरकारी पक्षाशी बोलणं झालेलं होतं. शिक्षा म्हणजे थोडा दंड, आणि त्या दिवशी कोर्ट उठेपर्यंत कोर्टातच बसून राहायचं. संध्याकाळी घरी. साहेबांविरुद्ध मग काही उरत नाही, प्रकरण तिथेच मिटतं. लढायचं म्हटलं तर वर्षानुवर्षं तारखा, आणि निकाल उलटा लागला तर तीन वर्षं तुरुंग.

माझा जीव भांड्यात पडला. नुसतं बाकावर बसायचं. मी तर पेन काढूनही ठेवलं.

"या नोंदी पेनाने केल्यात ना?" हिने विचारलं.

वकीलसाहेब हो म्हणाले.

"उणे विसात बॉलपेन चालत नाही हो. शाई थिजते. रजिस्टर आत भिंतीला बांधलेलं आहे आणि त्याला दोऱ्याने पेन्सिल. आम्ही सगळ्या बायका पेन्सिलीनेच लिहितो. हे रजिस्टर आमचं नव्हेच, आणि सहीही माझी नाही. ज्याने हे लिहिलंय तो त्या खोलीत कधी गेलेलाच नाही. बाहेर टेबलाशी बसून लिहिलंय त्याने."

मी वकीलसाहेबांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांना ते नवीन नव्हतं, एवढं मला कळलं. गिऱ्हाईकाला कपडा आखूड झालाय हे आपल्याला आधीच ठाऊक असतं, तेव्हा आपलाही चेहरा तसाच होतो. ते शांतपणे म्हणाले की पेन्सिल कोर्टाला आवडत नाही, ती खोडता येते. आणि जुनी रजिस्टरं दाखवावीत म्हटलं, तर ती मुदत संपली म्हणून कंपनीने नष्ट केली होती.

"तुम्ही माझे वकील की कंपनीचे?" ही म्हणाली.

"दोघांचं हित एकच आहे, ताई."

"मग साहेबांची सही घ्या ना. हित एकच आहे तर कुणी का करेना."

ती उठली. मी पेन खिशात घालून तिच्या मागोमाग निघालो, दुसरं काय करणार.

पुढचे आठ दिवस मी तिचं डोकं खाल्लं. मी भित्रा माणूस आहे आणि ते लपवत नाही. तिला म्हटलं, आपण कोण, ती माणसं कोण. मुलीचा फोन आला. तिला सातवा महिना होता. आई, तू आत गेलीस तर माझं बाळंतपण कोण करणार, असं म्हणून ती रडली. जावयांनीही मागून काही सुनावलं. हिने सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि भांडी घासायला घेतली. मला ते असह्य झालं. मी म्हटलं, एक दिवस बाकावर बसायला तुझं काय जातंय?

तिने नळ बंद केला.

"अहो, त्या दोन दिवसांत मी काटा बघितला. उणे अकरा, मग उणे सहा, मग उणे दोन. सगळं लिहिलं. वर तीनदा कळवलं. साहेब म्हणाले, बघतो. मग पाळी संपली आणि मी घरी येऊन जेवले. गाडी भरत होते ते मला दिसलं होतं. मी गाडीपुढे आडवी पडले नाही. तेवढा माझा गुन्हा आहे. त्याची शिक्षा द्या म्हणावं, मी तीन वर्षं बसते. पण हा कागद त्याचा नाही. हा कागद म्हणतो, मी बघितलंच नाही. म्हणजे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे ती पोरं अशीच गेली."

एवढं बोलून ती पुन्हा भांड्यांकडे वळली. ती गाडी भरली जाताना तिने पाहिली होती हे मला वर्षभर माहीत नव्हतं. शेजारी झोपणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललंय हे कळत नाही म्हणतात, ते मला त्या दिवशी पटलं. मला स्वतःचीच लाज वाटली. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

तारखेच्या दिवशी कोर्टात पंखे फिरत होते तरी उकडत होतं. साहेब मागच्या बाकावर हसतमुख बसले होते. त्यांना घरी जायची घाई असावी, दोनदा घड्याळ बघून झालं. वकीलसाहेब हिच्या कानाशी लागले होते, शेवटपर्यंत. न्यायाधीशबाईंनी कागद वाचून दाखवला आणि गुन्हा कबूल आहे का, असं विचारलं.

"नाही," ही म्हणाली. "त्या नोंदी माझ्या नाहीत."

खोलीत कुजबुज झाली. वकीलसाहेब ताडकन उभे राहिले आणि आपण या आरोपीचं काम यापुढे बघू शकत नाही म्हणाले. बघा, हित एकच होतं ना. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. दोष सिद्ध झाला तर तुरुंगात जावं लागेल, याची कल्पना आहे का, असं त्यांनी सावकाश विचारलं. त्यांच्या आवाजात धाक नव्हता, त्या खरंच विचारत होत्या.

"आहे. मला एवढंच पाहिजे, बाई, की कुणालाही त्या खोलीत पेन देऊन पाठवा. साहेबांनाच पाठवा. उणे वीस करा आणि त्यांना उणे वीस लिहायला सांगा."

साहेबांनी घड्याळावरून हात काढला. न्यायाधीशबाईंनी लिपिकाला सांगितलं, आरोपीची मागणी तिच्याच शब्दांत नोंदवून घ्या. हिला कोर्टातर्फे दुसरा वकील मिळेल आणि पुढची तारीख दीड महिन्याने, असं म्हणून त्यांनी पुढचं प्रकरण पुकारायला लावलं. जिंकलो असं काही नव्हतं. तिथून खटला फक्त सुरू झाला, आणि तो कुठे जाईल ते आजही मला सांगता येत नाही. नोकरीवरून काढल्याचं पत्र मात्र बाहेर पायऱ्यांवरच तिच्या हातात पडलं. कंपनीचा शिपाई ते घेऊन आधीपासून उभा होता. ती कबूल झाली असती तर बहुधा त्याच्या दुसऱ्या खिशात दुसरं पत्र असतं. तिने ते वाचलं, घडी केली आणि पर्समध्ये ठेवलं.

आम्ही फाटकाबाहेर आलो. समोर सिग्नलला कारखान्याची बस थांबलेली होती, दुपारच्या पाळीची. खिडक्यांशी तिच्याच खोलीवरच्या बायका होत्या, वीस-वीस वर्षं एका डब्यात जेवलेल्या. हिच्याशी बोलायचं नाही अशी त्यांना कंपनीची ताकीद होती. एकीने फोन काढून मान खाली घातली. दुसरी पुढच्या सीटकडे टक लावून बसली. हिने हात वर केला आणि तसाच धरून ठेवला.

"चल," मी म्हटलं. "त्या नाही बघायच्या."

"नका बघू देत. मी इथे उभी आहे हे त्यांना कळलं पाहिजे."

रस्त्यावरची माणसं आमच्याकडे बघायला लागली. मला चार पावलं बाजूला सरकावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू. सिग्नल हिरवा झाला, बस निघाली, आणि हिचा हात काही खाली येईना. मग मीही माझा हात वर केला.