खंडेनवमीची सुई

निंगप्पा मालक माणूस लई देवगुणी, पण त्या दिवशी त्यानं असा घोळ घातला की पूजेचा नारळ त्याच्याच टाळक्यात फोडावासा वाटला मला.

मी विठाबाई. एमआयडीसीत मालकाच्या चादरीच्या कारखान्यात बाया मागासाठी सुताच्या कांड्या भरत्यात, आन त्यांची लेकरं मी सांभाळते. लेकरांना लस मिळायची ती दवाखान्यात, ऐन दुपारी, माग चालू असताना. हातातलं काम टाकून बाई जाणार कशी? त्यात शेजारच्या गल्लीत गोवर आलेला. मग मी माझ्या भाचीलाच धरलं. धम्मप्रिया नर्स हाय. तिला म्हणलं, "बाया तुज्याकडं येत न्हाईत, तर तू ये की हितं!" मालकाला म्हणलं, "जागा तुमची." तो लगेच व्हय म्हणला. ठरलं खंडेनवमीला. त्या दिवशी माग बंद, आन पूजेला समद्या जणी लेकरं नटवून येत्यात. दुसऱ्या दिवशी दसरा, मग कोण मंद्रूपला, कोण मोहोळला, जी ती आपल्या गावाला.

धम्मप्रिया लसीचा निळा डबा घेऊन आली, तवा मागांची पूजा चाललेली. मालकाला असा आदर दाटून आला म्हणता! "सिस्टर, हे बी हत्यारच की तुमचं," म्हणत त्यानं डबा कात्री-पान्यांच्या रांगेत मांडला, कुंकू लावलं, वर झेंडू वाहिला. भाची बिचारी हसत हात जोडून उभी राहिली.

झालं! खंडेनवमीला पुजलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नसतं. बाया एकमेकींकडं बघाय लागल्या आन लेकरं मागं ओढाय लागल्या. दुसरा डबा आज मिळायचा न्हाय, असं धम्मप्रिया म्हणली.

"ब्याड!" गौरम्मा कानडीत नको म्हणली. "आज सुई नको. उद्या टोचा."

"उद्या काय तुजा बा येणार हाय व्हय हितं?" मी उसळलेच.

गौरम्मा माझी जिवाभावाची. ती लिंगायताची, मी विहारात जाणारी, पण उभी हयात आमी एका ताटात भाकरी खाऊन कांड्या भरल्यात. रीतभात काय असंल ती समद्या बाया तिलाच इचारत्यात. ती न्हाय म्हणली की विषय संपला. आन तिचाच नातू शिवू, नऊ महिन्यांचा, सून दाक्षायणीच्या कडेवर हसत होता. मला त्याची काळजी खात होती, आन हिला मेलीला कुंकवाची!

"आत्या, जाऊ द्या," धम्मप्रिया हळूच म्हणली.

"का जाऊ दे? गौरे, तुजा बसू कशानं गेला?"

बसू तिचा थोरला, गोवरानं गेलेला. गौरम्मानं माझ्याकडं असं बघितलं की माझं काळीज चरकलं, पण मी थांबले न्हाय.

"तवा तुज्या गावात सुई पोचलीच न्हाय. कुणी आणलीच न्हाय. आज ती दारात आलीया, तर तू परत धाडतीस व्हय?"

तिनं एकदा डब्याकडं बघितलं. मग गुडघ्यावर हात देऊन उठली आन ताटातल्या अक्षता उचलल्या.

"अहो आजी, उत्तरपूजा उद्या असती की," मालक म्हणला.

"मालक, तुमी गप बसा. घोळ तुमीच घातलाय." तिनं एकट्या डब्यावर अक्षता टाकल्या, देव हलवतो तसा डबा जरासा हलवला. "मोकळा झाला. देवा, राग आला तर माज्यावर काढ."

पर बाया जागच्या हलंनात. कोप झालाच तर तो पहिल्या लेकरावर, ही धास्ती समद्यांच्या तोंडावर दिसत होती. गौरम्मालाबी ती दिसली. तिनं दाक्षायणीच्या कडेवरनं शिवूला उचललं, मांडीवर घेऊन बसली.

"पहिलं माजं."

मी शेजारी बसून तिचा खांदा धरला. सुई टोचली तसा शिवूनं असा भोंगा पसरला की विचारू नका. दाक्षायणी "उगी उगी" करत पुढं धावली.

"रडू दे गं," गौरम्मा म्हणली. तिचे डोळे घळाघळा वाहत होते. "माजा बसू शेवटी शेवटी रडायचाबी थांबला हुता. ह्याला रडू दे."