दोन निरंक आणि एक नोंद

मी दुर्बीण बोलतेय. उजव्या डोळ्याने अधू आहे, पण बोलायला डोळा लागत नाही, तेव्हा ऐकून घ्या.

माझा जन्म येना गावच्या कारखान्यातला. जर्मनीचे तेव्हा दोन देश होते. माझा पहिला मालक पोस्टमन होता आणि पक्ष्यांचा वेडा होता. पंचवीस वर्षं त्याने मला गळ्यात मिरवलं. तो वारला आणि त्याच्या मुलाने मला केलरमध्ये, म्हणजे घराखालच्या तळघरात, टाकून दिलं. तिथल्या ओलीने माझ्या उजव्या नळीत बुरशी धरली. त्या नळीतून आता भर उन्हातही धुकं दिसतं. पुढे माझी रवानगी ब्राउनश्वाइगच्या फ्लोमार्क्टमध्ये झाली, जुन्या वस्तूंच्या बाजारात. लोक मला उचलायचे, डोळ्याला लावायचे, तोंड वाकडं करायचे आणि ठेवून द्यायचे. अपमानाची सवय होते हो, पण पुरती होत नाही.

जानेवारीतल्या एका शनिवारी मला कुंदाआजींनी उचललं. त्या चंद्रपूरहून मुलाकडे तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. मुलगा सत्यजित इथल्या मोटार कंपनीत इंजिनीअर. त्याने माझ्यातून पाहिलं आणि लगेच निकाल दिला की ही खराब आहे, मी नवी ऑर्डर करतो, मंगळवारपर्यंत येईल.

"माझाही उजवाच गेलाय," आजी म्हणाल्या. "आमचं जमेल."

खरंच होतं ते. त्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा निकामी झाला होता आणि डाव्याची खात्री डॉक्टर देत नव्हते. त्याच दिवशी मला कळलं की माझी गाठ साध्या बाईशी पडलेली नाही.

आजींना लिंक्स बघायचा होता. लिंक्स म्हणजे मोठ्या कुत्र्याएवढं रानमांजर, आखूड शेपटीचं, कानांच्या टोकांवर काळ्या केसांचे झुपके असलेलं. गाडीने तासाभरावर हार्त्सचे डोंगर आहेत. तिथे दोनशे वर्षांपूर्वी शिकाऱ्यांनी तो संपवला होता, आता परत आणून सोडलाय. पण जंगलात तो वर्षानुवर्षं राहणाऱ्यांनाही दिसत नाही.

"आई, आपण गेहेगेत जाऊ ना," सत्यजितने सुचवलं. "मोठं कुंपण आहे, दोन-तीन ठेवलेत, दिसतातच. आल्झो, म्हणजे गॅरंटीड."

आजींनी मला मांडीवर ठेवलं. "एकतीस वर्षं वन खात्यात टायपिंग केलं मी. वाघ दिसल्याचे सगळे फॉर्म माझ्या हाताखालून गेले. शेवटचा रकाना निरीक्षकाच्या नावाचा. त्यात माझं नाव एकदाही आलं नाही. कुंपणातला नको मला."

चंद्रपुरात म्हणे हल्ली वाघ गल्लीबोळांतून फिरून जातो. सगळ्या गावाला दिसला, नेमका आमच्या आजींना नाही. मग आजींनी एक वही घेतली आणि पट्टीने रकाने आखले: दिनांक, वेळ, ठिकाण, प्राणी, निरीक्षकाचे नाव.

पहिल्या खेपेला फेब्रुवारीत गेलो. सोबत सत्यजितची नऊ वर्षांची मुलगी इरा. हिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. आजी तिला रोज अर्धा तास मुळाक्षरं गिरवायला बसवायच्या आणि ती 'क्ष'पाशी येऊन रुसायची. हार्त्सचा तो उतार उजाड होता. किड्याने सुकवलेली स्प्रूसची झाडं राखाडी खांबांसारखी उभी. तेवढ्यात वरच्या अंगाला काहीतरी हललं. आजी कुजबुजल्या, "इरा, लक्ष."

झालं. लिंक्सला जर्मनमध्ये म्हणतात लुक्स. इरा टुणकन उठली आणि ओरडली, "लुक्स? वो? वो डेन?" कुठे, कुठे करत तिने सगळा डोंगर जागा केला. वर जे काही होतं ते झाडीत पसार झालं. सत्यजित तिच्यावर चिडला. ती मान खाली घालून बसली, ती घर येईपर्यंत. आजींनी वहीत लिहिलं: निरंक.

घरी आल्यावर इराने त्या शब्दावर बोट ठेवून जर्मनमध्ये विचारलं, हे काय? आजींनी सांगितलं की काहीच दिसलं नाही, हे सरकारी भाषेत असं लिहितात. आणि 'लक्ष' म्हणजे काय, तेही सांगितलं.

दुसऱ्या खेपेला धुकं. माझ्या दोन्ही नळ्यांतून सारखंच दिसत होतं, म्हणजे काहीच नाही. मला तर माझीच लाज वाटली. पुन्हा निरंक. आजींचे पाय सुजले, खोकला झाला. सत्यजित म्हणाला की आता बास, गुरुवारी तुझं विमान आहे.

"पाय माझे आहेत," आजी म्हणाल्या. "गाडी तुझी आहे, म्हणून विचारतेय."

रविवारी उजाडायच्या आत आम्ही त्याच उतारावर पोचलो. मार्च महिना होता, पण गवतावर दव गोठलं होतं. आजी आडव्या पडलेल्या खोडावर बसल्या, इरा त्यांना चिकटून. एक तास गेला. ऊन वरच्या खडकांवर आलं. सत्यजित मागे थर्मासमधला चहा ओतत होता.

तेव्हा इराने आजींच्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी हळू म्हणाली, "आजी, लक्ष."

तिने बोट दाखवलं. आजींनी मला उचललं. मी अंग चोरून घेतलं. उजवा डोळा मिटून त्यांनी माझं चाक फिरवलं. राखाडी खोडं, खडक, परत खोडं. आणि मग दोन कान, टोकांना काळे झुपके. तो खडकावर बसून आमच्याकडेच बघत होता. पोस्टमनबरोबर मी हजारो पक्षी पाहिले, पण मला असं उलट कुणी निरखलं नव्हतं. आजींचा श्वास माझ्या काचेवर येत होता. मग तो उठला, आखूड शेपूट दिसली आणि तो खडकामागे गेला.

"दिसला," आजी म्हणाल्या. माझी कड ओली झाली होती.

सत्यजितला फक्त चहा दिसला. तो बिचारा विचारत राहिला, कुठे, कुठे.

आजींनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. त्यांनी ती इराकडे सरकवली. इराने तारीख लिहिली, वेळ लिहिली, हार्त्स लिहिलं. प्राण्याच्या रकान्यापाशी थांबली, जीभ ओठांत धरली आणि देवनागरीत लिहिलं: लक्ष. 'क्ष' जरा कलंडलेला होता. सत्यजित दुरुस्त करायला पुढे झाला, तर आजींनी त्याचं मनगट धरलं.

आता शेवटचा रकाना उरला. इराने वर पाहिलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिने मराठीत विचारलं, "आजी, तुझं नाव काय आहे?"



"कुंदा," त्या म्हणाल्या.

इराने लिहिलं.

आजी गुरुवारी गेल्या, मला मात्र इराच्या गळ्यात घालून. आता त्यांच्या डाव्या डोळ्यालाही माणसांचे चेहरे नीट दिसत नाहीत. फोनवर त्या पहिला प्रश्न एकच विचारतात, वहीत काय? इरा मराठीत वाचून दाखवते, अडखळत. त्या दिवसानंतर पाच खेपा झाल्या आणि पाचही निरंक. निरीक्षकाच्या रकान्यात आता तिचं नाव असतं.

सत्यजितराव, माझी उजवी नळी साफ करून घेतलीत तर उपकार होतील. आता मला दोघींपुरतं बघायचंय. नाही जमलं तरी हरकत नाही, डावी अजून ठणठणीत आहे. फक्त मला परत तळघरात टाकू नका. रविवार आला की खुंटीवरून काढा आणि डोंगरावर न्या. निरंक लिहायलासुद्धा तिथवर जावं लागतं.