फाशीचे पेढे

निकाल लागला त्या दुपारी पुष्पाबाई कोर्टातून नवागामला परतली, तर गल्लीच्या तोंडाशी ढोल वाजत होता.

तिचा भाऊ लक्ष्मण इच्छापोरच्या एका कारखान्यावर वॉचमन होता. तांब्याची तार चोरायला आलेल्या दोघांनी त्याला आणि त्याच्या बायकोला तिथल्याच खोलीत लोखंडी पाइपने ठेचून मारलं. वार दोघांचेही होते, हे कोर्टानेच मानलं. तरी मगनला फाशी झाली आणि किरणला जन्मठेप.

किरण एका ठेकेदाराचा पुतण्या. त्याच्या वकिलाने डॉक्टर आणले, शाळेतले सर आणले, पोरगा सुधारेल असं सगळ्यांकडून वदवून घेतलं. कापडाच्या लूमवर राबणाऱ्या मगनला कोर्टाने नेमून दिलेला फुकटचा वकील मिळाला होता. दया करावी, एवढं पुटपुटून तो खाली बसला आणि मोबाइल बघू लागला. पुष्पाबाईने मगनला माफ केलं नव्हतं, करणारही नव्हती. पण त्या वकिलाला उठवून पुन्हा बोलायला लावावं, असं तिला वाटलं.

गल्लीत योगराज पेढे वाटत होता. त्याला नगरसेवकाचं तिकीट हवं होतं. किरणचं काय, असं तिने विचारलं, तेव्हा त्याने आवाज खाली आणला. ठेकेदार आपलाच माणूस आहे, म्हणाला. शेजारी कुणीतरी बोललं, जन्मठेप म्हणजे सरकारने फुकट पोसायचं, त्यापेक्षा दोर स्वस्त. लोक हसले. योगराजने हसत हसत तिच्या तोंडात पेढा कोंबला.

ती रस्त्यावरच थुंकली.

मग ढोल मगनच्या आईच्या, म्हाताऱ्या सीताच्या घराकडे वळला. लोकांनी बंद दारासमोर फटाक्यांची माळ पसरली. पुष्पाबाईने ती चपलेने गटारात ढकलली आणि दार अडवून उभी राहिली.

"ताई, बाजूला व्हा," योगराज म्हणाला. "तुमच्याच भावाला न्याय मिळालाय."

"ज्याना काका मोठा, तो वाचना," ती म्हणाली. "ज्याना कोनी नही, त्याले दोर. याले न्याय म्हनतस?"

दोघांना मरेपर्यंत तुरुंगात ठेवा, एवढंच तिने पहिल्यापासून मागितलं होतं. ढोलवाला खाली बघू लागला. हळूहळू माणसं पांगली.

सीताने दार किलकिलं करून पाण्याचा तांब्या पुढे केला. पुष्पाबाईला तो घेववला नाही. ती घरी आली आणि कितीतरी वेळा चुळा भरत राहिली.

पुढच्या आठवड्यात नाक्यावर योगराजचं बॅनर लागलं. त्यात लक्ष्मणच्या फोटोखाली तो हात जोडून उभा होता. पुष्पाबाईने चहावाल्याकडून स्टूल मागून घेतलं आणि भर बाजारात, सगळ्यांदेखत, भावाचा चेहरा कात्रीने कापून घेतला.