नाबाद दिंबेश्वर

दिंबेश्वर बोरांनी डाव्या पॅडचा पट्टा बांधला आणि पुन्हा सोडला.

"गुडघा धरलाय," ते म्हणाले.

"सकाळी सुपारीच्या झाडावर चढलात, तेव्हा कुठे गेला होता गुडघा?" त्यांच्या पत्नी लावण्याबाईंनी पानाला चुना लावता लावता विचारलं.

गोलाघाटच्या मैदानावर बिहूचा सामना अगदी रंगात आला होता. बोरांच्या संघाला जिंकायला एकच धाव हवी होती आणि खेळायचे उरले होते फक्त बोरा.

धास्ती गुडघ्याची नव्हतीच. तरुणपणी बोरा आसामकडून रणजीचा एक सामना खेळले होते. पहिल्या डावात ते पॅड बांधून बसले आणि कप्तानाने डाव घोषित केला. दुसऱ्या डावात पुन्हा बांधून बसले, तर पाऊस आला. पुढे त्यांना कोणी बोलावलं नाही. पण "रणजीत मला एकही माईचा लाल आऊट करू शकला नाही," या एका वाक्यावर त्यांनी गावात उभा जन्म रुबाबात काढला होता. आज तो रुबाब पणाला लागला होता.

चेंडू हातात घेऊन समोर उभा होता त्यांचाच जावई, मृदुल. सासऱ्यांना येताना बघून त्याचा चेहरा पडला. जावयाने सासऱ्याची दांडी उडवायची, आणि तीही बिहूच्या दिवशी? तो धावत आला आणि त्याने चेंडू यष्ट्यांच्या इतका बाहेर टाकला की यष्टिरक्षकाने सूर मारूनही हाती लागला नाही. पंचांनी दोन्ही हात पसरले. वाइड! लोक बोरांच्या गळ्यात घालायला लाल काठाचे मानाचे पंचे, गामोसे, घेऊन मैदानात धावले.

बोरा जागचे हलले नाहीत. त्यांचे कान लाल झाले होते.

"मृदुल, चेंडू घे. या वेळी खरा टाक."

"बाबा, मॅच संपली."

"तुझी संपली असेल. माझी अजून सुरू व्हायचीय."

मृदुलने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी विडा गालात सारला आणि होकारार्थी मान हलवली.

मृदुलने या वेळी चेंडू सरळ टाकला. बोरांनी बॅट जोरात फिरवली. मधली दांडी उडून मागे जाऊन पडली. मृदुल धावत आला आणि त्यांच्या पायांशी वाकला.

"चुकलो, बाबा."

बोरांनी त्याला दंडाला धरून उठवलं. त्यांचे डोळे भरले होते आणि हसू काही आवरत नव्हतं.

"चुकलास कसला! अरे, मला आऊट करावं असं आजवर कुणाला वाटलंच नव्हतं."

मग त्यांनी पडलेली दांडी उचलून काखेत मारली आणि ते लावण्याबाईंना दाखवायला निघाले.