पायरोटेक्निक्स आणि मी, गावदेवीची उखळी

मी एक जुनी उखळी आहे. मसाला कांडायची नव्हे, जत्रेत बार काढायची. बसकी, जाड, तोंड आभाळाकडे. पोटात मूठभर दारू ठासली की अख्खं पनवेल हलवणारी.

मित्रांनो, मोरा बंदरात बुडालेल्या एका गलबताच्या नांगरातून माझा जन्म झाला. नांगर एवढा मोठा, की त्यातून मी झाले, देवळाचं दार झालं, आणि उरलेल्या लोखंडातून लोहाराने सासूला कढई करून दिली. आमच्या गावच्या बुधाजींनी मला खांद्यावर टाकून भरतीच्या वेळी खाडी चालत ओलांडली. खाडी आपणहून बाजूला झाली. खोटं वाटत असेल तर तिलाच विचारा.

चैत्रात गावदेवीची पालखी निघायची ती माझ्या बारावर. काळूराम गुरव देवीचा चांदीचा मुखवटा पालखीत बसवून हात वर करायचा. मग बुधाजी लांब बांबूला बांधलेला पेटता काकडा माझ्या कानाला लावायचे. एकच बार. त्या आवाजाबरोबर पालखीवाले पालखी उचलायचे. तिकडे मोऱ्याला होडीवाल्याच्या हातातला चहा सांडायचा, आणि तळोज्याचे कामगार शिफ्ट सुटली समजून डबे आवरायचे. लोक म्हणायचे, उखळी बोलली, देवी निघाली.

मग जमिनी विकल्या गेल्या, गावात मोठमोठ्या गाड्या आल्या, आणि त्यातल्या एकीतून निकेश उतरला. गळ्यात साखळी, हातात माइक. जत्रा कमिटीचा तो अध्यक्ष झाला आणि २०११ साली नाक्यावर बॅनर लागला : भव्य पायरोटेक्निक्स शो.

बुधाजींचा नातू भगवान. माझा मान आता त्याच्याकडे होता. निकेशने त्याला सांगितलं, काका, ते भंगार घरी न्या आणि कोंबड्यांना पाणी ठेवा त्यात. भगवानने रागाने तसंच केलं. मी ओटीवर, पोटात पाणी, आणि काठावर एक तुरेवाली कोंबडी. तिचंसुद्धा माझ्याबद्दल मत चांगलं नव्हतं.

ओटीवर माझ्या शेजारी भगवानच्या आईची, हौसाची, खाट होती. तिची नजर गेलेली, पाय गेलेले. पालखी दारात थांबली की मुखवट्यावर हात फिरवायचा, एवढ्यासाठी ती वर्षभर टिकायची. त्या वर्षी डॉक्टरांनी पुढच्या जत्रेचं काही सांगता येत नाही म्हटलं होतं.

तिने नातीला विचारलं, हे पायरो काय ते काय असतं? किशोरी नवीन पनवेलला कॉलेजात जायची. ती म्हणाली, मुळात ग्रीक शब्द, आग आणि कला. म्हणजे शोभेचं दारूकाम, आतषबाजी. आणि कुणी नुसतं डोळे दिपवायला भाषण ठोकलं किंवा वाद्य वाजवलं, तर इंग्रजीत त्यालाही हाच शब्द वापरतात.

"म्हंजे आपला निकेश बोलतो तसा," हौसा म्हणाली.

मी हसले तेव्हा गंज गळून कोंबडीच्या डोळ्यात गेला.

आगीची कला म्हणे. माझ्या आगीला काम होतं. हिला नुसता नखरा.

जत्रेच्या दिवशी हौसा सकाळपासून उपाशी बसली. देवळात काय झालं ते मला मागाहून कळलं. काळूराम गाभाऱ्यात मुखवटा पुसत होता. बाहेर शोवाल्यांनी सहज एक बार उडवून पाहिला. टेस्टिंग. पालखीवाल्यांच्या पायांना एवढंच ठाऊक, बार झाला की उचलायची. उचलली. पालखी निघालेली पाहून निकेशने शोवाल्यांना हात केला, आणि आभाळ फाटलं. हिरवं, लाल, माडाएवढं. काळूराम मागून बोंबलत होता, पण त्याला कोण ऐकतंय? पालखी हारांनी भरलेली. माना सगळ्यांच्या वर. बायकांनी दारोदार आरत्या ओवाळल्या त्यासुद्धा वर बघत.

पालखी आमच्या दारात टेकली. हौसाने हारांतून हात आत घातला. डावीकडे, उजवीकडे. मग थांबली.

"आत कोनी नाय रं."

"आजी, हाय ना देवी," निकेश म्हणाला. "तुमाला दिसत नाय."

"मना दिसत नाय. तुला दिसतंय ना? मंग बघ."

निकेशने हार उचलले. आत नुसती गादी.

पालखीवाले म्हणाले, चूक झाली, परत जाऊ, पण देवळातून देवी उचलायला आता उखळीच्या बाराशिवाय खांदा देणार नाय. या आभाळातल्या बारांवर आमचा भरोसा उडाला. शोवाल्यांचा माल तर दहा मिनिटांतच संपला होता. निकेश भगवानपुढे खाली मान घालून उभा राहिला. भगवान कोंबडीकडे बघत बसला.

"भगवान," हौसा म्हणाली, "मना देवी पायजे. रुसायचं ते उद्या रुस."

भगवानने मला उपडी केली, पुसली, चुलीपुढे धरून सुकवली. मोठ्या गाडीत मी निकेशच्या मांडीवर बसून देवळात गेले. त्याच्या पांढऱ्या शर्टाचं काय झालं ते सांगत नाही. काळूरामने मुखवटा बसवून हात वर केला, आणि मी असा बार काढला की माथेरानच्या माकडांनी कान झाकले.

देवी दारात आली. हौसाने मुखवट्यावरून बोटं फिरवली, कपाळ, नाक, नथ. "आली," म्हणाली, आणि भात मागितला.

पुढच्या चैत्रात ती नव्हती. शो मात्र आजही होतो; पहिला बार तेवढा माझा.

मित्रांनो, मला कोरड्या जागी ठेवा, वर्षातून एकदा तेलाचं बोट फिरवा, पोटात पाणी भरू नका. आणि आभाळात काही फुटलं, की तोंड उघडं टाकून वर बघण्याआधी, आपल्या खांद्यावर काय आहे ते एकदा हाताने चाचपून घ्या.