बुधराम तलावाकडून उसनं घेतो

१९७९ साली बुधरामला नायलॉनचं जाळं घ्यायचं होतं. सुती जाळं इतक्या ठिकाणी फाटलं होतं की मासे त्यात फक्त येऊन जात. लाखनीची बँक जाळ्यांसाठी आठशे रुपये देते असं कळलं, म्हणून तो गेला.

"आधी कोणाचं कर्ज घेतलंय?" साहेबांनी विचारलं. साहेब साताऱ्याकडचे.

"कोनाचंच नाही जी. माह्या बापानंही नाही." बुधराम छाती पुढे काढून म्हणाला.

साहेबांचा चेहरा पडला. "मग विश्वास कशावर ठेवायचा? तीनदा उसनं घेऊन वेळेवर फेडल्याचा कागद आणा. कोणाचाही चालेल."

जामीन न मागणारा सावकार गावात एकच होता : तलाव. लग्नाकार्याला भांडी कमी पडली की पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर जायचं, तलावाला कार्य सांगायचं, पायरीवर सुपारी ठेवायची. सकाळी पायरीवर भांडी. कार्य झालं की घासून परत. शिकलेले लोक याला अंधश्रद्धा म्हणत आणि पोरीच्या लग्नाला कढई मागून आणत.

बुधरामच्या घरी कार्य नव्हतं, पण कागद हवा होता. त्यानं नुसताच एक गंज, भाताचं पातेलं, मागितला. आला. दोन दिवस कोपऱ्यात ठेवून परत केला. सोसायटीच्या सेक्रेटरीनं, टेकचंदनं, लिहून दिलं : 'धनको : तलाव. परतफेड : वेळेवर.' वर शिक्का. पुढच्या महिन्यात पुन्हा गंज, पुन्हा शिक्का.

तिसऱ्यांदाही त्यानं गंजच मागितला. सकाळी पायरीवर सहा थाळ्या होत्या. काशाच्या, ओल्या, आणि हाताला कोमट.

पाळीवर म्हातारी चंद्रभागाबाई शेळ्या चारत होती. "कोन्या कार्याले मांगतलं रे?"

"कार्य कायचं, बुढे? पत बनवून राहिलो."

"कारन नाही सांगतलं? दोनदा खपते, मंग तलाव आपल्या मनानं कार्य लावते." तिनं थाळ्या मोजल्या. "घरी किती जन हा तुमी?"

"सात."

म्हातारीनं पदर तोंडाशी नेला. "तेरवीले सहाच बसतात, बाबू."

"वापस ठेवून देतो ना मंग."

"न जेवता वापस केल्या त पत गेली. अन् तलावाची पत गेलेल्याचं जाळं कदी भरलं नाही."

घरी बायकोनं, रेवताबाईनं, थाळ्यांकडे एकदाच पाहिलं. "सोडा ते जाळं."

"दोन शिक्के झाले ना वो!"

"अन् तिसरा कोनाच्या नावानं?"

त्या दिवशी घरात कोणी खोकलं तरी बाकीचे सहा जण मान वळवून पाहत. बुधरामची आई तर शिंक दाबून बसली होती. दुपारी रेवताबाईनं माहेरून आलेली आपली थाळी काढली, तलावाच्या सहांच्या ओळीत मांडली, आणि सातही जण एका पंगतीला बसले. भात संपला.

थाळ्या घासून बुधरामनं सातही पायरीवर ठेवल्या. "आमी सात हाओ," तो पाण्याला म्हणाला. "सातही जेवलो."

सकाळी पायरी रिकामी होती. रेवताबाईची थाळीही गेली होती. पंधरा दिवस वाट पाहिली; कोणी मेलं नाही. टेकचंदनं तिसरा कागद दिला : 'परतफेड : व्याजासह.'

तो शब्द वाचून साहेब खुर्चीतून उठले. आठशे रुपये मोजून देताना म्हणाले, "पत ही अशी करावी लागते, बुधरामजी. आता बघा, न मागता देतील लोक."

नवं जाळं खांद्यावर टाकून नवराबायको पहाटे तलावावर गेले. पायरीवर थाळ्यांची चळत होती. त्यांनी सुपारी ठेवली नव्हती.

रेवताबाईनं दोनदा मोजल्या. चौदा.

"सात आपन," ती म्हणाली. "बाकीचे कोन?"

वारा नव्हता, तरी पाणी खालच्या पायरीला हळूहळू लागत होतं. बुधरामनं जाळं खाली ठेवलं, निम्म्या थाळ्या डोक्यावर घेतल्या, निम्म्या तिनं.

घरी येऊन रेवताबाईनं आंधणात येतील त्या सात जणांचा तांदूळ जास्त टाकला.