तिसरी पिन

बाईंनी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. दरवर्षी विजेचा धडा आला की त्या फळ्यावर प्लगचं चित्र काढत आणि वरच्या जाड पिनेवर खडू आपटत. "यंत्रात बिघाड झाला की वीज जमिनीकडे धाव घेणारच. तिला तारेतून वाट द्यायची की आपल्या अंगातून, एवढंच आपल्या हातात असतं." निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी भाजीवालीपासून पोस्टमनपर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणत.

आणि याच बाईंनी गेल्या वर्षी, पक्कड हातात घेऊन, आपल्या नव्या ओव्हनच्या प्लगची ती जाड पिन पिळून तोडली होती.

कारण अगदी क्षुल्लक होतं. ओट्याजवळचं सॉकेट ढिलं झालं होतं, त्यातून ठिणग्या उडायच्या. वायरमन म्हणाला, "भिंत फोडावी लागेल. दोन दिवस धूळ होईल." बाईंना धुळीचा भारी तिटकारा. त्यांनी बाहेरच्या खोलीतून एक्स्टेंशन ओढून आणलं. ते जुनं, दोनच भोकांचं; जाड पिन त्यात शिरेना. तात्पुरती म्हणून केलेली सोय वर्षभर तशीच राहिली. ओव्हन स्टीलच्या अंगाचा, आणि नळापासून जेमतेम हातभर लांब.

स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंनी दोनदा सांगितलं होतं. पहिल्यांदा हसत हसत, "बाई, हा तुमचा ओव्हन चावतो हो."

"हात ओले असतील तुमचे. पुसून लावत जा."

दुसऱ्यांदा पंधरा दिवसांनी, न हसता. "कोरडे होते बाई. कोपरापर्यंत मुंग्या आल्या."

बाई तेव्हा शब्दकोडं सोडवत होत्या. "बघते हं," म्हणाल्या, आणि पुन्हा कोड्यात डोकं घातलं. ताईंनी तिसऱ्यांदा सांगितलं नाही. त्या ओव्हनचं दार फडक्याने धरून उघडू लागल्या. बाईंनी ते पाहिलं होतं, आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

त्या मंगळवारी अकराच्या सुमाराला ताई नळाखाली बटाटे धूत होत्या. ओव्हनवर ठेवलेलं काचेचं भांडं कडेला सरकलं, ते सावरायला त्यांनी झटकन डावा हात पुढे केला. उजवा हात नळावरच होता. बाईंना बाहेरच्या खोलीत आधी काच फुटल्याचा आवाज आला आणि मागोमाग धप्पकन काहीतरी पडल्याचा.

ताई फरशीवर आडव्या पडल्या होत्या. डोळे मिटलेले. बाईंनी धावत जाऊन मेन स्विच बंद केला. तेवढं मात्र त्यांनी धड्यातल्यासारखं केलं. मग ताईंना हलवून हाका मारल्या. ताईंनी डोळे उघडले, त्या कण्हल्या. डावं मनगट भलतीकडेच वळलं होतं आणि तळव्यावर वाटाण्याएवढा काळपट डाग उठला होता.

शेजारच्या भाऊंनी गाडी काढतो म्हणून सांगितलं. ती दाराशी यायला पाच मिनिटं लागली. त्या पाच मिनिटांत बाईंनी ताईंच्या डोक्याखाली उशी दिली, पाणी पाजलं, आणि मग एक्स्टेंशन गुंडाळून कपाटात, जुन्या वह्यांच्या मागे ठेवून दिलं. ओव्हनचा प्लग ओव्हनच्या मागे ढकलला. कपाटाचं दार लावताना त्यांचा हात थरथरत नव्हता. पुढे कितीतरी दिवस त्यांना तेच जास्त सलत राहिलं.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय झालं?"

"काही कळलंच नाही," ताई म्हणाल्या. "झटका बसल्यागत..."

"फरशी ओली होती," बाई मध्येच म्हणाल्या. "पाय घसरला त्यांचा."

ताईंनी बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत संशय नव्हता. एवढ्या शिकल्यासवरल्या बाई म्हणतायत, म्हणजे तसंच झालं असेल, इतकंच होतं. डॉक्टरीणबाईंनी 'घसरून पडणे' असं लिहिलं, तळव्याच्या डागावर मलम लावलं, मनगटाला प्लास्टर घातलं आणि घरी सोडलं. ताईंची लेक शिवणाच्या दुकानातून धावत आली होती. तिने बाईंचे दोन्ही हात धरले. "तुम्ही होतात म्हणून बरं झालं," म्हणाली.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर चहाचा कप समोर निवून गेला. एका हातातून शिरलेली वीज दुसऱ्या हाताने बाहेर पडते तेव्हा ती छातीतून जाते. हृदयाचा ठोका चुकू शकतो, लगेच नाही तर काही तासांनीही, म्हणून डॉक्टरांना झटक्याचं सांगायचंच असतं. हे त्यांना आत्ता आठवलं असं नव्हतं. दवाखान्यात तोंड उघडलं तेव्हाही त्यांना ते माहीत होतं.

सकाळी आठ वाजता त्या ताईंच्या दाराशी उभ्या होत्या. ताई खाटेवर बसल्या होत्या, चेहरा उतरलेला. बाईंना पाहून त्याच ओशाळल्या. "तुमचं काचेचं भांडं फुटलं बाई. एवढं चांगलं होतं. माझीच मेलीची घाई."

"भांड्याचं राहू द्या. बरं वाटतंय ना?"

"आईला पहाटेपासून धडधडतंय," लेक म्हणाली. "उठली की गरगरतं. घाबरली असेल."

बाई खुर्चीवर बसल्याच नाहीत. "ताई, तुमचा पाय घसरला नव्हता," त्या म्हणाल्या. "तुम्हाला विजेचा झटका बसला. ओव्हनच्या प्लगची पिन मी तोडली होती. मला माहीत होतं. तुम्ही सांगितलं होतंत तेव्हाही माहीत होतं, आणि काल डॉक्टरांपुढे मी खोटं बोलले. आधी दवाखान्यात चला. आत्ताच्या आत्ता."

लेकीने आईच्या पायात चपला सरकवल्या. बाईंकडे न बघता ती म्हणाली, "काल मी तुमचे हात धरले होते."

डॉक्टरीणबाई कालच्याच होत्या. बाईंना सगळं पुन्हा सांगावं लागलं, रांगेतल्या माणसांच्या देखत. कुठला हात, किती वेळ, ओव्हनला अर्थिंग का नव्हतं. सांगता सांगता त्यांच्या तोंडून 'विद्युतप्रवाह', 'शरीराचा रोध' असे शब्द आपोआप येत गेले. डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. "आपण नोकरी काय करत होता?"

"शिकवत होते."

"कुठला विषय?"

"विज्ञान," बाई कशाबशा म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती मान खाली घातली आणि लिहायला लागल्या.

ताईंच्या हृदयाचे ठोके मधूनमधून चुकत होते. दोन दिवस त्यांना ठोके टिपणाऱ्या यंत्राच्या तारा लावून ठेवलं. बाई बाहेरच्या बाकावर बसून राहत. लेक येताजाता समोरून जाई, पण बोलत नसे. तिसऱ्या दिवशी ठोके सुरळीत झाले आणि ताई घरी गेल्या.

त्याच आठवड्यात बाईंनी वायरमनला बोलावलं. त्याने प्लग हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "कोणी केला हा शहाणपणा?"

"मी."

त्याने भिंत फोडली, अर्थिंगची तार ओढली, नवं सॉकेट नळापासून लांब बसवलं. मेनजवळ एक छोटं यंत्र लावलं आणि वरचं बटण दाबून दाखवलं. खटकन सगळं घर बंद पडलं. "वीज गळायला लागली की हे असं डोळ्याचं पातं लवायच्या आत बंद करतं. महिन्यातून एकदा बटण दाबून बघत जा." घरभर धूळ बसली. बाईंनी ती चार दिवस तशीच राहू दिली.

प्लास्टर निघाल्यावर ताई एकदा येऊन गेल्या. बाईंनी चहा केला. ताई बाहेरच्या खोलीतच बसल्या. "आत या, बघा, सगळं नवीन करून घेतलंय," बाई म्हणाल्या. ताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आल्या, चौकटीला हात लावला आणि तिथूनच वळल्या.

"एका ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये लागलेय आता," त्या म्हणाल्या. "माणसं बरी आहेत."

"ताई, माझं चुकलं. फार चुकलं."

"असू दे हो बाई. चुकतं माणसाचं."

ताईंचा आवाज नेहमीसारखाच होता, मायेचा. कप उचलून आत ठेवायच्या सवयीने त्यांनी तो हातात घेतला, मग थबकल्या आणि तो टेबलावरच ठेवला. बाई त्यांना खालच्या दारापर्यंत पोचवायला गेल्या. रस्ता ओलांडताना ताई डाव्या हाताने पिशवी धरत नव्हत्या, त्या हाताला जरा जपतच होत्या. त्या कोपऱ्यावरून दिसेनाशा झाल्या तरी बाई दारात उभ्याच होत्या. भाजीवालीने तिकडून हाक मारली, "काय बाई, आज काय देऊ?" आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा ती हाक ऐकून त्यांना मान वर करता आली नाही.